सीतादहीचा चौकोन

दारव्ह्याच्या रस्त्यावर बाभळींना पुन्हा कापूस लागला आहे. बाभळीला कापूस लागत नाही हे मलाही कळतं. कापसाच्या गाड्या शिगोशीग भरून जातात आणि रस्त्याकडेच्या काट्यांनी प्रत्येक गाडीतून आपला थोडा थोडा वाटा ओढून घेतलेला असतो. दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले की हे दिसायला लागतं. काळीपिवळी जीपच्या खिडकीतून ते पांढरे झुपके बघितले की समजायचं, वेचणीचा हंगाम आला. पूर्वी मला ते बघून बरं वाटायचं. यंदा मी डोळे मिटून घेतले आणि जीपमधल्या बाईने, मॅडम, गाडी लागते का, असं विचारून खिडकीची जागा मला दिली.

माझं काम सांगितलं की समोरच्याचा चेहरा फार सभ्य होतो, म्हणजे त्याला काही समजलेलं नसतं. एक संस्था गावरान कापसाच्या जुन्या वाणांची चाचणी घेते. दारव्ह्याच्या आसपासची बारा घरं आपल्या घरात राखलेलं बियाणं आपल्याच वावरात थोड्या तासांमध्ये, म्हणजे ओळींमध्ये, लावतात. वेचणी झाली की मी ताणकाटा घेऊन जायचं, कापूस तोलायचा, वहीत लिहायचा, खोलीवर येऊन संगणकात भरायचा. हंगामाच्या शेवटी बारापैकी सहा वाण पुढच्या वर्षासाठी ठेवायचे आणि सहा सोडायचे. ही सगळी आकडेमोड मी आर नावाच्या, संख्याशास्त्रासाठी केलेल्या संगणकाच्या भाषेत करते. पण आर उघडून कुणी बघत नाही. साहेबांना आणि शेतकऱ्यांना, दोघांनाही एक्सेलची फाइल लागते, चौकोन पाडलेली, छापून भिंतीला डकवता येईल अशी. म्हणून माझ्या कामाचा शेवटचा टप्पा म्हणजे आरमधला तक्ता एक्सेलमध्ये उतरवून देणं. दोन-तीन ओळींचं काम आहे, चहा गाळायला लागतो तेवढ्या वेळात होतं. मला लिहायचं आहे ते या दोन-तीन ओळींबद्दल.

दारव्ह्यात मी एका किराणा दुकानाच्या वरच्या खोलीत राहते. खोलीला गच्ची आहे, गच्चीत नळ आहे, आणि घरमालक इतके भले आहेत की ते मला काहीच विचारत नाहीत. मी मूळची उमरखेडची. आई होती तोवर महिन्यातून दोनदा एसटीने घरी जायचे. गेल्या वर्षी आषाढात आई गेली. भाऊ-वहिनी चांगले आहेत, दिवाळीला ये म्हणाले. पण ये म्हणणं वेगळं आणि कोणत्या गाडीने येतेस, जेवण ठेवू का, असं विचारणं वेगळं. मी चाचणीचं काम पुढे केलं आणि गेले नाही. भावानेही फार ताणून धरलं नाही. त्या दिवाळीत मी खाली दुकानातून एक पणती आणली आणि ती लावायची विसरले.

त्याच वर्षी वच्छलाबाई माझ्या आयुष्यात आल्या. खरं तर आधी त्यांचं नाव आलं आणि तेही मोडून आलं. आरमधून फाइल बाहेर काढताना अक्षरांबद्दल एक सूचना द्यावी लागते, नाहीतर मराठीचा पार चुराडा होतो. मी नवी होते, ती सूचना विसरले. शिवाय सांगितलं नाही तर आर डावीकडे आपल्या मनाने एक बिननावाचा रकाना चिकटवतो, एक, दोन, तीन असे आकडे असलेला. तर आश्विनात झाडांच्या नोंदींचा छापील कागद घेऊन मी त्यांच्या ओसरीवर बसले, आणि त्यांच्या नावाच्या जागी टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं आणि मधेच एखादा तुटका आकडा, असा सगळा उकिरडा होता. बाजूला मात्र ठळक चार होता.

त्यांनी कागद डोळ्यांपासून लांब धरला. हे माहं नाव होय, असं विचारलं. मी माफी मागायला लागले तर म्हणाल्या, "राहू दे. तसंही वच्छला म्हणून हाक मारणारं कोणी राह्यलं नाई आता. सारे संज्याची माय म्हणते. चार नंबर तं चार नंबर."

मी त्यांना मावशी म्हणायला लागले. त्या मला आधी मॅडम म्हणत, मग पोरी म्हणायला लागल्या. कधीपासून ते मला सांगता येणार नाही, त्याची नोंद ठेवली नव्हती.

संजय त्यांचा मुलगा, पुण्याकडे एका कारखान्यात. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. हा गावरान कापूस त्या नवऱ्याचा. बाकी गावाने केव्हाच बाजारचं बियाण्याचं पाकीट धरलं तरी त्यांनी धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेचे चार तास घरच्या बियाण्याचे ठेवले होते. वेचणीआधी ते पऱ्हाटीतून, कापसाच्या झाडांतून, फिरत आणि चांगल्या झाडांना लाल दोरा बांधत. दोरा असलेल्या झाडांची सरकी पुढच्या वर्षीचं बियाणं. ते गेल्यावर दोरे बांधायचं काम मावशींनी घेतलं. मला त्यांनी झाड कसं निवडायचं ते दाखवलं होतं. बोंड मोठं म्हणून निवडायचं नाही, ज्या झाडाने पानं गाळताना घाई केली नाही ते निवडायचं. मी हे वहीत लिहून घेतलं. संगणकात हे कोणत्या रकान्यात भरायचं ते मला अजून कळलेलं नाही.

पहिल्या वेच्याच्या दिवशी त्यांनी मला सकाळीच बोलावलं. त्या भागात वेचणीची सुरुवात सीतादहीने होते. तासाच्या तोंडाशी असलेल्या झाडाखालची जागा सारवली होती, तिथे पाच खडे मांडले, हळदकुंकू वाहिलं, पळसाच्या पानावर दहीभात ठेवला. मग त्यांनी वाटीतलं दही बोटांनी पऱ्हाटीवर शिंपडलं, चारी दिशांना, आणि ओटी बांधून वेचायला सुरुवात केली. दव होतं. बोंडातून कापूस निघताना आवाज येत नाही असं मला वाटायचं. तो येतो, अगदी बारीक, पण त्यासाठी आजूबाजूला कुणी बोलत नसावं लागतं. आम्ही दोघीच होतो. माझ्या ओटीत त्यांच्या निम्माही कापूस जमला नाही आणि बोटं मात्र सगळी बोचून निघाली.

उन्हं वर आल्यावर मी ताणकाटा बाहेर काढला. त्यांनी माझा हात धरून तो परत पिशवीत घालायला लावला. "पहिल्या दिवसाचा कापूस तोलत नाई आमच्या घरी. बाकीचे तोलते, तोलू दे. हे तिचं असते. आपलं पुढच्या वेच्यापासून." तिचं म्हणजे सीतेचं की वावराचं, ते मी विचारलं नाही. तो कापूस विकतही नाहीत, घरात ठेवतात आणि वर्षभर देवापुढच्या वाती त्यातून होतात. मग धुऱ्यावर बसून आम्ही दहीभात खाल्ला. तो वावरातच खायचा असतो, घरी नेत नाहीत. आईच्या दिवसांनंतर कुणाच्या शेजारी बसून मी पहिल्यांदाच जेवत होते आणि हे लक्षात आल्यावर मी घास हातातच धरून बसले. मावशींनी पाणी पुढे केलं आणि बांधावरच्या तुरीबद्दल बोलत राहिल्या. वहीत मी त्यांच्या नावापुढचा पहिल्या वेच्याचा चौकोन रिकामा ठेवला आणि शेऱ्यात लिहिलं, सीतादही. पानावर दह्याचं बोट लागलं.

रिकाम्या चौकोनासाठी आरमध्ये एक खूण आहे, एनए. एनए म्हणजे शून्य नव्हे. शून्य म्हणजे बघितलं आणि तिथे काही नव्हतं. एनए म्हणजे तिथे काय होतं ते आपल्याला माहीत नाही. आर या बाबतीत फार हट्टी आहे. ज्या यादीत एक एनए आहे तिची सरासरी विचारली तर तो उत्तरही एनए देतो, जोवर आपण स्पष्ट सांगत नाही की बाबा, ते बाजूला ठेव आणि बाकीच्यांची काढ. मला हा हट्ट आवडायचा. रविवारी संध्याकाळी सहाला आईचा फोन यायचा. ती वेळ अजूनही दर रविवारी येते आणि मी हातातलं काम ठेवून पाच मिनिटं बसून असते. तिथे काही नाही असं म्हणवत नाही.

त्या हंगामात मी मावशींकडे वेचा नसतानाही जायला लागले. दारव्ह्याच्या आठवडी बाजारातून त्यांना लागणारं काहीबाही न्यायचं, पान-सुपारी, चष्म्याची दोरी, एकदा कुकरची शिट्टी. जीप फाट्यावर सोडायची, तिथून अर्धा तास चालत. त्या मला ज्वारीची भाकर आणि भरडलेल्या तुरीचं वरण वाढायच्या आणि समोर बसून माझं ताट बघत राहायच्या. मी काय काम करते ते त्यांना नीट समजावं म्हणून एकदा लॅपटॉप घेऊन गेले. चौकोन दाखवले. त्यांनी विचारलं, माह्या चार तासाइतके चौकोन काहून नाई यात. मी म्हटलं, तुमचं सगळं वावर एका ओळीत आलंय. त्या ओळीकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या की मग बसायला जागा कुठे राहिली.

संजय त्यांना पुण्याला बोलावत होता. दर फोनला तेच. त्याची काळजी खरी होती, त्याला दोष देता येत नाही. एकटी बाई, सहासष्ट वय, पायरीवरून एकदा पडलेली. वावर मक्त्याने दे आणि ये, असं त्याचं म्हणणं. मावशींनी त्याला एक शब्द दिला होता आणि तो मला चौथ्या वेच्याच्या दिवशी, कापूस तोलताना सांगितला. "त्याले म्हटलं, सहाच्या यादीत बियाणं आलं तं अजून एक साल मी इथंच. नाई आलं तं तू म्हणशीन तसं. त्याच्या बापाचं बियाणं कामाचं हाये का नाई, एकडाव समजू दे."

तिथे जाऊन काय करणार, असं मी विचारलं. टीव्ही पाहीन, लिफ्ट चालवायले शिकीन, असं त्या म्हणाल्या. काट्यावरचा आकडा मी दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा तो दिसत नव्हता.

संक्रांत झाली, वेचणी आटोपली. मी आरमध्ये बाराही घरांची दर वेच्याची सरासरी काढायची तयारी केली आणि आधी नुसता तक्ता मुख्य कार्यालयाला पाठवला. साहेबांचा फोन आला. बोलणं सौम्य होतं. मॅडम, जागोजागी हे एनए काय आहे, पावसाच्या रकान्यात एनए, किडीच्या रकान्यात एनए, शेतकऱ्याला काय समजणार, फाइल अर्धवट वाटते, जरा स्वच्छ करून पाठवा. शेऱ्यांचा रकानाही काढून टाका म्हणाले, कागदाच्या रुंदीत बसत नव्हता. शून्य घाला असं ते म्हणाले नव्हते. शून्य माझं मी घातलं. सगळ्या तक्त्यात जिथे जिथे एनए असेल तिथे शून्य, एका ओळीत, एका दमात. काळजी नव्हती असं नाही, पण संध्याकाळचे पाच वाजले होते, रविवार होता, आणि सहाच्या आत मला काम हातावेगळं करायचं होतं. मग सरासरी काढली, मग क्रम लावला, मग फाइल बाहेर काढली. या वेळी अक्षरांची सूचना दिली. डावीकडचा बिननावाचा रकाना येऊ दिला नाही. मथळ्याला फिकट हिरवा रंग दिला, रकान्यांची रुंदी नावांच्या मापाने ठेवली. त्या हंगामातली माझी सगळ्यात देखणी फाइल होती ती.

वच्छलाबाई सातव्या आल्या.

मी ते बघितलं. मला खरोखर वाईट वाटलं, आणि आता जे सांगते आहे ते सांगायला मला सगळ्यात जड जातं. एखादं तिसरंच नाव तिथे असतं आणि मला खटकलं असतं तर मी वही काढून ताडून बघितलं असतं. पण हे माझ्या माणसाचं नाव होतं. आपल्या माणसासाठी आकडे पुन्हा तपासायचे म्हणजे पक्षपात, असं मला वाटलं. आपण किती सरळ वागतो आहोत, याचं थोडं बरंही वाटलं. मी फाइल पाठवून दिली आणि सहाला हात जोडून बसले.

यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली. बारा घरांतली माणसं आली होती, चहा झाला, साहेबही आले होते. ज्यांची नावं पहिल्या सहांत होती त्यांच्याकडून बियाण्याच्या पिशव्या घेतल्या. मावशी गर्दी ओसरल्यावर भिंतीपाशी गेल्या. त्या बोट ठेवून वाचतात. बोट नावावरून सरकलं, पहिल्या चौकोनावर आलं आणि थांबलं. बराच वेळ तिथेच होतं. मी मागे उभी होते. मला वाटलं, चष्मा जुना झालाय. मग त्या वळल्या आणि म्हणाल्या, "नाव मात्र बराबर आलं या वेळेस."

त्यांनी काही विचारलं नाही. मॅडमच्या कागदात आहे म्हणजे ते तसंच असेल, असं त्यांना वाटलं असेल, किंवा मी जाणूनबुजून लिहिलं असं वाटलं असेल. दुसरी शक्यता मला तेव्हा सुचलीही नव्हती.

पंधरा दिवसांत वावर मक्त्याने गेलं. घरात साठवलेला कापूस गाडीत भरला, बियाण्यासाठी वेगळी ठेवलेली लाल दोऱ्याची पिशवीसुद्धा. कामाचं नाई तं ठेवून काय करू, असं त्या गाडीवाल्याला म्हणाल्याचं मी नंतर ऐकलं. माघातल्या एका दुपारी संजय त्यांना घ्यायला आला आणि मी दारव्ह्याच्या स्टँडवर त्यांना निरोप द्यायला गेले. त्यांच्याकडे दोन पिशव्या आणि जुन्या लुगड्यात बांधलेलं एक छोटं गाठोडं होतं. गाठोडं त्यांनी माझ्या हातात दिलं. सीतेचा कापूस. तिथं वाती कोण वळणार, तू वळ, म्हणाल्या. एकट्या माणसाने सांजेला दिवा लावत जावा, म्हणजे घरात कुणीतरी आहे असं वाटतं. गाडी लागली. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि कंडक्टरने तो आत घ्यायला लावला.

मी वाती वळल्या. मला आधी येत नव्हत्या, शिकले. रोज संध्याकाळी गच्चीत बसून गाठोड्यातला थोडा कापूस घ्यायचा, नखांनी सरकी वेगळी काढायची, कापूस पिंजायचा, वात वळायची आणि विसरलेली ती दिवाळीची पणती लावायची. सरकी मी गच्चीच्या कठड्यावर टाकायचे. दोन खारी यायच्या, त्यांची माझी चांगली ओळख झाली. त्या दोन महिन्यांत माझ्याशी रोज संबंध ठेवणारं एवढंच कुणी होतं. मी त्यांना सरकी घालत गेले आणि त्या खात गेल्या.

चैत्रात वार्षिक अहवालाचं काम निघालं. त्यासाठी मी मूळ नोंदींपासून सगळं पुन्हा चालवलं, आणि या वेळी सवयीने एनए बाजूला ठेवायची सूचना दिली. वच्छलाबाई दुसऱ्या आल्या. मला वाटलं माझंच कुठेतरी चुकलं. भर दुपारची वेळ होती, पंखा चालू होता, मी दोन्ही तक्ते शेजारी शेजारी उघडले आणि एकेक चौकोन बघत गेले. वेच्यांच्या रकान्यांत फरक एकाच ठिकाणी होता, आणि तिथल्या शून्याने त्यांची सरासरी खाली ओढली होती. वही काढली. रिकामा चौकोन होता, पुढे माझ्याच अक्षरात सीतादही, आणि दह्याचा पिवळट डाग. मला हे माहीत होतं. मी तिथे बसून जेवले होते.

कार्यालयाला कळवलं. साहेबांना खरंच वाईट वाटलं. यादी तर गेली मॅडम, असं करा, त्यांच्याकडून निदान अर्धा किलो बियाणं घ्या, पुढच्या वर्षी घालू. मी गावात गेले. मक्ता घेणाऱ्याने पऱ्हाटी उपटून वावर नांगरलं होतं. धुऱ्याकडेचे चार तास कुठून सुरू व्हायचे तेही मला दाखवता येईना. परत येताना फाट्यावर जीपची वाट बघत मी बसून राहिले आणि दोन जीप जाऊ दिल्या.

मावशींना फोन करायला मला तीन दिवस लागले. त्यांनी लगेच उचलला, टीव्हीचा आवाज कमी केला. मी सगळं सांगितलं, जसं इथे सांगितलं तसंच, रविवार आणि पाच वाजल्याचं सोडून. ते कारण म्हणून सांगायची लाज वाटली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुले तं माहीत होतं ना," त्या म्हणाल्या. "मी पाह्यलं भिंतीवर. म्हटलं, पोरीनं सुन्य कायले लिहिलं असन. रिकामं ठेवलं असतं तं का बिघडलं असतं?"

मी म्हटलं, मावशी, परत या. मी संजयदादाशी बोलते, कागद दाखवते, तुम्ही दुसऱ्या आहात.

"नाई व पोरी. वावर दुसऱ्याच्या हाती गेलं, अन् मी बी थोडी गेली." मग त्यांनी विचारलं, गाठोडं आहे का. मी खारींचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "किती राह्यल्या?"

फोन चालू ठेवून मी गाठोडं जमिनीवर सोडलं आणि उरलेला सगळा कापूस चाचपून एकेक सरकी काढली. तेवीस होत्या. ज्या कापसापुढे मी शून्य लिहिलं होतं, त्या बियाण्यातलं जगात तेवढंच उरलं होतं. त्या म्हणाल्या, मग लाव. मी म्हटलं, माझ्याकडे वावर नाही.

"डब्बा तं असन?"

खालच्या दुकानातून मी तेलाचे रिकामे डबे आणले. घरमालकांनी पहिल्यांदाच काहीतरी विचारलं, भाजी लावता का. मृगात तेवीस सरक्या लावल्या, चौदा उगवल्या, नऊ झाडं टिकली. खारींशी माझं वैर झालं, ते अजून चालू आहे. नऊ झाडांचं बियाणं अर्धा किलो होणार नाही, पुढच्या वर्षीही नाही. साहेबांना मी याबद्दल बोललेले नाही. रोज सकाळी पानं उलटून बघते, आणि आश्विनात दोन झाडांना लाल दोरा बांधला. ज्यांनी पानं गाळायची घाई केली नाही अशी दोन.

काल त्यातल्या एकाचं पहिलं बोंड फुटलं. आज सकाळी मी दहीभात लावला. मुरमाचे पाच खडे परवाच फाट्यावरून उचलून आणले होते. डब्याच्या पायथ्याशी मांडून हळदकुंकू वाहिलं, वाटीतलं दही बोटांनी चारी दिशांना शिंपडलं, त्यातलं थोडं खाली रस्त्यावर लावलेल्या कुणाच्या मोटारसायकलवर पडलं. मग कापूस वेचला. चिमटीत मावेल एवढा होता. ताणकाटा आत खोलीत खिळ्याला लटकत होता.

माझ्या लॅपटॉपवर एक फाइल आहे, ती कुणाला पाठवायची नाही. तिच्यात एकच ओळ आहे. नाव, वच्छला. ठिकाण, गच्ची. पहिल्या वेच्याचा चौकोन मी तसाच सोडला आणि आरला सांगितलं की एक्सेलमध्ये उतरवताना इथे एनएसुद्धा लिहू नको, मोकळं ठेव. तशी सूचना देता येते. गेल्या वर्षीही देता येत होती.

मावशींना फोन केला. त्या सातव्या मजल्यावरच्या गॅलरीत उन्हाला बसल्या होत्या. बोंड फुटल्याचं सांगितलं. किती निघाला, त्यांनी विचारलं.

"तोलला नाही," मी म्हटलं.

"हाव, बराबर," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या की आता फोन ठेव आणि जेवून घे, तिथेच, घरात नेऊ नको.

मी नऊ डब्यांच्या शेजारी बसून दहीभात खाल्ला. दोघींना पुरेल एवढा लावला होता.